हंड्यातलं कालचं पाणी

रोज सकाळी साडेसहाला मी दहा-बारा लिटर पाणी ओतून देत असे. रागाने नव्हे, शिस्तीने. तांब्याचा हंडा, त्यावरची कळशी आणि माझ्या उशाशी असलेला तांब्या, तिन्ही रिकामी करायची, चिंच-मीठ लावून घासायची आणि ताजं पाणी भरून ठेवायचं. कालचं पाणी शिळं. शिळी पोळी आपण कुस्करून, वर फोडणी देऊन आवडीने खातो. शिळ्या भाताचं तर घरात कौतुकच असतं. पण शिळं पाणी ज्या घरात पितात त्या घराला बाईमाणूस नाही असं समजायचं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. सासूबाई ओतायच्या, म्हणून मी ओतत आले. त्यांच्या सासूबाई ओतायच्या असणार. त्या कुठून शिकल्या हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

चिंचवडला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा हे पाणी दारातल्या अळवाला जायचं. त्या अळवाची पानं हत्तीच्या कानाएवढी होत. आता पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर अळू नाही, त्यामुळे पाणी सिंकमध्ये जाऊ लागलं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गोष्ट तीच, जागा तेवढी बदलली.

मग यंदाचा मार्च आला. आमच्या सोसायटीच्या नावात 'लेक' आहे, पण निम्मं पाणी टँकरने येतं. चेअरमन सोपानरावांना नोटीस लिहिण्याचा छंद आहे. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, हे नोटिसा करतात. लिफ्टमध्ये त्यांनी लावलं: 'पाण्याचा अपव्यय करणाऱ्या सदनिकाधारकांवर कठोर नजर ठेवण्यात येईल.' ती नोटीस वाचून माझी सून वर्षाली घरी आली, लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "आई, आपण रोज बारा लिटर पाणी टाकतो आणि टँकर उशिरा आला की ग्रुपवर भांडतो."

मी म्हटलं, टाकत नाही, बदलते.

वर्षाली वाद घालत नाही. ती माणला आयटीत आहे, तिथे वाद घालत नाहीत, पर्याय सुचवतात. तिने पर्याय सुचवला: पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवायचं. बटण दाबलं की ताजं. भरायला नको, ओतायला नको. फक्त त्याला वीज लागते, आणि ओट्याजवळचा एकुलता एक प्लग नेमका हंड्याच्या डोक्यावर होता. म्हणजे हंडा जाणार. कुठे, तर लॉफ्टवर. तिथे जुना कूलर आहे, माझ्या मुलाची, सुजितची, शाळेतली सायकल आहे आणि कोणीच परत आणायला जाणार नाही असं बरंच काही आहे.

हा हंडा सासूबाईंनी करमाळ्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात त्यांनी किल्ल्या दिल्या नाहीत, हा हंडा घासायला दिला. माझ्या मते घराचा ताबा तोच. तो आता सायकलीशेजारी जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडून जे निघायला नको होतं ते निघालं. मी म्हटलं, "मला एका घोटात सांगता येतं पाणी ताजं की शिळं. यंत्राला येतं का?"

हे वाक्य कुठल्याही घरात बोललं असतं तरी चाललं असतं, सुजितसमोर बोलायला नको होतं. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे, अठरा वर्षं. मोजल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही. मी मीठ चवीनुसार घालते हे ऐकून त्याला अजून अस्वस्थ वाटतं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "चल आई, चाचणी घेऊ. डोळे बांधून. ओळखलंस तर यंत्राचं नाव या घरात निघणार नाही. नाही ओळखलंस तर हंडा वर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कंपनीतला एक छापील कागद आणला. त्यांच्याकडे मालात दोष निघाला की पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या 'का'ला म्हणे मूळ सापडतं. प्रत्येक 'का'ला एक चौकट. शेवटी उपाय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत. आईला दोष म्हणून कागदावर घ्यायला त्याला काही वाटलं नाही.

पाणी का ओततेस? शिळं होतं म्हणून. शिळं का होतं? रात्र उलटते म्हणून. रात्र उलटलेलं का चालत नाही? बाधतं म्हणून. बाधतं असं का वाटतं? वाटायचं काय त्यात, मला बाहेरचं पाणीसुद्धा बाधतं, घसा धरतो, मी कुठे बाहेर पाणी पिते का? त्याने तेही लिहून घेतलं. मग पाचवा: बाहेरचं पाणी का बाधतं?

मी थोडा विचार करून सांगितलं, "सासूबाईंना बाधायचं."

"हे कारण नाही आई, हा वारसा आहे," तो म्हणाला आणि पाचवी चौकट रिकामी ठेवून त्याने कागद फ्रीजवर लावला. येता-जाता मला ती चौकट दिसू लागली.

घशाचं मात्र खरं होतं. माझ्या पर्समध्ये गेली चाळीस वर्षं स्टीलची छोटी बाटली असते. कुठेही गेले तरी घरचं पाणी. गिरजाबाईंकडेसुद्धा. गिरजाबाई म्हणजे माझी छत्तीस वर्षांची मैत्रीण. क्वार्टरमध्ये आमच्या मागच्या रांगेत राहायच्या. त्यांचे मालक आणि आमचे कारखान्यात एकाच शॉपमध्ये, एकाच शिफ्टला. योगायोग असा की त्यांच्या मुलाने, बुद्धरत्नने, घरातल्या रत्नाने, याच सोसायटीत फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. रोज दुपारी चारला मी त्यांच्याकडे चहाला जाते. त्या बौद्ध, आम्ही मराठे, पण आम्ही तसलं काही मानत नाही, असं आमच्या घरात पहिल्यापासून म्हणायची पद्धत आहे. चहा मी त्यांच्याकडचा आनंदाने पीत असे. चहा उकळलेला असतो, घशाला चालतो. पाणी नाही. त्यांनाही माझा घसा माहीत होता. छत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला नाही. इतकी समजूतदार बाई.

असो. चाचणी रविवारी ठरली. हातात पाच दिवस होते आणि मी ठरवलं की तयारीने उतरायचं. ताजं पाणी नेमकं ताजं कधी असतं याची माहिती काढावी म्हणून मी पाण्याच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, तक्रार कमी दाबाची की गढूळ पाण्याची? मी म्हटलं, ताजेपणाची. त्यांनी मला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसऱ्या खिडकीवर नळजोड क्रमांक मागितला. तो आमच्याकडे नाही, बिल्डरकडे आहे, कारण सोसायटी अजून त्याने रीतसर आमच्या ताब्यात दिलेली नाही. मग बिल्डरचं पत्र आणा. पत्र कशासाठी, मला फक्त पाणी किती वाजता धरणातून निघतं एवढंच विचारायचंय. त्यासाठी माहितीचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर येईल. मी म्हटलं, तीस दिवसांनी उत्तर शिळं होईल. त्यावर तिसऱ्या टेबलावरचे एक गृहस्थ पहिल्यांदाच वर बघून हसले. निवृत्तीला आलेले दिसत होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझ्याच पिशवीच्या पाठीमागे पेनने चित्र काढून समजावलं. धरण. मग नदी. मग उपसा. मग शुद्धीकरण, तिथे ते निवळत बसतं. मग उंच टाकी. मग एक दिवसाआड तुमचा भाग. मग तुमची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची टाकी, मग नळ.

"म्हणजे नळातून येतं ते कधीचं?" मी विचारलं.

"आजी, कमीत कमी तीन-चार दिवसांचं. धरणातलं धरलंत तर मागच्या पावसाळ्यातलं."

मी ती पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाटेत मी हिशेब केला की मी रोज सकाळी चार दिवसांचं पाणी ओतून देऊन चार दिवसांचं पाणी भरत होते. पण मनाला समजावलं की हे सगळं नळाच्या पाण्याचं झालं. टँकरचं वेगळं असेल. टँकर थेट विहिरीवरून येतो.

टँकरवाला किसन माणचाच. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत आणि विहीर तेवढी उरलीय, तिच्यावर हे टँकर भरतात. खाली नळी जोडत होता तेव्हा मी त्याला गाठलं. पाणी आजचं का रे बाबा? तो म्हणाला, "न्हाई आजी, परवा भरलाय. काल दिसभर ट्राफिकमदी उभा व्हतो, रातच्याला गाडी घरीच लावली. पर पानी ताजंच हाय. गाडीतच व्हतं, कुटं गेलंय व्हय?"

त्या उत्तरात काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, पण काय ते मला पकडता येईना. आणि मग लक्षात आलं, माझं उत्तरही गेली पन्नास वर्षं असंच होतं.

इथे शहाण्या बाईने माघार घेतली असती. पण तोवर बातमी इमारतीत पसरली होती. आमच्या शेजारच्या पूनमने सांगितलं की चाचणीच्या आदल्या रात्रीपासून लसूण खाऊ नका. सातव्या मजल्यावरच्या एकांनी सांगितलं की जीभ तुरटीने स्वच्छ करा, तुरटीने माझी जीभ अशी आखडली की दोन तास मी फक्त मान हलवत होते. कोणी म्हणालं, पाणी वासावर ओळखतात, चवीवर नाही. कोणी म्हणालं, पाण्याचा आवाज ऐकायचा. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणालाच चाचणी द्यायची नव्हती.

आणि सोपानरावांनी तर कहर केला. घरच्या घरी ओट्यापाशी उरकायची गोष्ट त्यांनी क्लबहाउसमध्ये नेली. पाणी बचतीचा कार्यक्रम करायचा त्यांच्या मनात होताच, त्यांना आयतं निमित्त मिळालं. रविवारी सकाळी खाली उतरले तर गेटवर फ्लेक्स. त्यावर माझा फोटो, नातेवाइकांच्या लग्नातला, नथ घातलेला. खाली लिहिलेलं: 'जलजागृती सप्ताह. एका घोटात पाणी ओळखणाऱ्या आपल्या लाडक्या इंदुताई.' शेजारी सोपानरावांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. आयुष्यात माझा फ्लेक्स लागला तो हा. आमच्या मालकांचा निवृत्तीच्या दिवशीसुद्धा लागला नव्हता.

क्लबहाउस भरलेलं होतं. व्यासपीठावर टेबल, त्यावर पाच सारखे पेले, एक ते पाच आकडे लावलेले. सुजितने हातमोजे घातले होते. नमुने गोळा करण्याचं काम त्याने सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बुद्धरत्नला दिलं होतं, कारण घरच्या माणसाने नमुना घेतला तर तो ग्राह्य धरत नाहीत. कुठल्या पेल्यात काय आहे ते फक्त बुद्धरत्नला माहीत, आणि त्याची यादी बंद पाकिटात सोपानरावांच्या खिशात. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर गिरजाबाई बसल्या होत्या, मांडीवर पदराखाली हात घेऊन, त्या नेहमी बसतात तशा. माझ्या डोळ्यांवर वर्षालीची ओढणी बांधली. पुढे माइक.

पहिला पेला. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. शिळं, मी म्हटलं, निदान दोन रात्रींचं. दुसरा: हे बोअरचं, जड लागतंय. तिसरा: हे टँकरचं, याला रबरी नळीचा वास आहे. लोक वा वा करू लागले. मला माझ्याच जिभेचं कौतुक वाटू लागलं.

चौथा पेला ओठाला लावला आणि मी थांबले. गार होतं, पण फ्रीजचं गार नव्हे. घशातून सरळ खाली उतरत होतं. एक घोट घ्यायचा नियम होता, मी सगळा पेला प्यायले. मग माइकवर बोलले, आणि काय बोलले ते सोपानरावांच्या कृपेने चित्रफितीत आहे, म्हणून नाकारता येत नाही. "हे ताजं. आज सकाळचं, माझ्या हंड्यातलं. यात तांबं कळतं. स्वच्छ हाताने भरलेलं पाणी लगेच कळतं. असं पाणी घरातच मिळतं, बाहेर नाही मिळायचं." टाळ्या पडल्या. पाचव्याला मी बाटलीतलं विकतचं म्हणून मोडीत काढलं आणि ओढणी सोडून घेतली.

सोपानरावांनी पाकीट फोडून यादी बुद्धरत्नकडे दिली. तो सरळ, नेमका मुलगा, त्याने सरकारी पंचनाम्यासारखं वाचलं. नमुना एक: इंदुताईंच्या नळाचं, आज सकाळचं. नमुना दोन: दुकानातली बंद बाटली. नमुना तीन, ज्याला मी टँकर म्हणाले होते: माझा स्वतःचा हंडा, काल भरलेला. लोक हसायला लागले होते. "नमुना चार," त्याने वाचलं. "सदनिका तीनशे चार, गिरजाबाई यांच्या स्वयंपाकघरातला मातीचा माठ. भरल्याचा दिवस गुरुवार."

सुजितला एक नमुना पक्का शिळा हवा होता आणि माझ्या ओळखीत पाणी न ओतणारं घर एवढंच सापडलं होतं.

पाचवा टँकरचा निघाला, पण तो कोणी ऐकला नाही. पाचपैकी पाच चुकले होते. डोळे मिटून तोंडाला येईल ते बोलली असतीस तरी एखादं बरोबर आलं असतं, असं सुजित नंतर म्हणाला. सोपानरावांनी माइक घेतला आणि पाणी कधीच शिळं होत नाही हे इंदुताईंनी आज सिद्ध केल्याबद्दल माझे आभार मानले. लोक टाळ्या वाजवत होते, हसत होते, प्रेमानेच. मीही हसले. पराभव हसून घ्यावा एवढं मला कळतं.

पण तिसऱ्या रांगेत गिरजाबाई हसत नव्हत्या. त्या उठल्या, सावकाश व्यासपीठापाशी आल्या. चौथा पेला अजून माझ्याच हातात होता. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "घसा धरला का, इंदुताई?"

मी नाही म्हटलं.

त्या दिवशी मी चहाला गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुडघा दुखतोय असा निरोप पाठवला. गुडघा ही फार सोयीची गोष्ट आहे, तो नेहमीच थोडा दुखत असतो. घरात हंडा लॉफ्टवर जायची तयारी चालली होती आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी खुर्चीत बसून माझ्या घशाची हकिकत आठवत होते.

करमाळ्याच्या एसटी स्टँडवर मी नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले आहे. त्या नळावर बैलसुद्धा पाणी पीत. घसा धरला नाही. नणंदेच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या पिंपातलं प्यायले, त्यात ओगराळं तळाला बुडालेलं होतं. घसा धरला नाही. सोपानरावांच्या घरी पूजेला गेले तेव्हा बाटली पर्समध्ये असून त्यांच्या सुनेने दिलेलं पाणी प्यायले, दोन पेले, कारण शिऱ्यात तूप फार होतं. सासूबाई तशाच. हळदीकुंकवाला सगळ्या रांगेत पाणी पीत हिंडायच्या. स्वतःचा तांब्या बरोबर घेऊन निघायच्या ते मोजक्या घरी जाताना, आणि ती घरं मागच्या रांगेत होती. आपल्याला बाहेरचं पाणी बाधतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते प्रकृतीचं समजले. सोयीचं होतं म्हणून समजले. त्यांचा तांब्या होता, माझी बाटली झाली. आमच्या घशांना पत्ते पाठ होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुजित आला तेव्हा फ्रीजवरच्या कागदावर पाचव्या चौकटीत माझं उत्तर होतं. बाहेरचं पाणी का बाधतं? मी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पत्ता बघून.' त्याने ते वाचलं. तो बराच वेळ बूट काढत बसला.

मग म्हणाला, "मी तर शाळेतून येताना रोज त्यांच्याच माठातलं प्यायचो. मी आणि रत्ना. तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, उगाच तुझा घसा धरायचा."

म्हणजे घरात एवढीशी पोरंसुद्धा मला ओळखून होती. मलाच काय ती खबर नव्हती. वर्षाली तेवढ्यात यंत्रवाल्याला घेऊन आली, म्हणून त्या विषयावर आणखी बोलावं लागलं नाही, याबद्दल मी त्या यंत्राची कायमची ऋणी आहे.

यंत्राचंही सांगितलं पाहिजे. बसवणाऱ्याने बटण दाबलं, वरच्या तोटीतून शुद्ध पाण्याची बारीक धार आली, आणि खालच्या पांढऱ्या नळीतून त्याच्या तिप्पट जाड धार सिंकमध्ये जाऊ लागली. हे काय, मी विचारलं. तो म्हणाला, हे टाकाऊ पाणी, एक लिटर शुद्ध करायला तीन लिटर जातं, सगळ्यांकडेच जातं. मी वर्षालीकडे पाहिलं. वर्षालीने लिफ्टमधली नोटीस आठवल्यासारखा चेहरा केला. माझ्याकडे बोलायचा अधिकार उरला नव्हता, आणि गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा लॉफ्टवर गेलाच नाही. तो सिंकशेजारी त्या पांढऱ्या नळीखाली बसला होता आणि वर्षाली त्यातल्या पाण्याने फरशी पुसत होती. सासूबाईंचं नाव बाहेरच्या बाजूला केलं होतं. सुनेला माझ्या, रीत आहे.

त्या कागदावर मात्र अजून उपाय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत या तीन चौकटी रिकाम्या होत्या. सुजित म्हणतो, मूळ सापडलं की काम संपत नाही, तिथे सुरू होतं. दुपारी पावणेचारला मी पेन्सिल घेतली. जबाबदार व्यक्ती: इंदुमती. मुदत: आज, चार वाजता. उपायाची चौकट तशीच सोडली आणि पर्स घेतली. दारापर्यंत गेले, परत आले, पर्समधली बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उतरले. लिफ्टमध्ये मला वाटत होतं, दार उघडलंच नाही तर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या दारावरची बेल वाजवायला धीर गोळा करावा लागला.

गिरजाबाईंनी दार उघडलं. माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. मी नेहमीच्या खुर्चीत बसले. त्या नेहमीसारख्या ओट्याकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"घशाचं."

त्यांनी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. "रत्नाच्या नामकरणाला तुमच्या सासूबाई तांब्या घेऊन आल्या होत्या आणि तुम्ही बाटली घेऊन. मी आमच्या मालकांना म्हटलं, प्रगती आहे. बाटलीला झाकण तरी आहे."

मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? चहा पीत होतात. म्हटलं, बाई अर्ध्या वाटेवर आलीय, उकळून घेऊन का होईना. उरलेली वाट तिची तिने चालावी. माझ्याही गुडघ्यांचं वय झालं."

"रविवारी बुद्धरत्नला माठातलं तुम्हीच दिलंत ना?"

"मागितलं त्याने. मी भरून दिलं. पेला मात्र स्वतः घासून दिला, दोनदा." एवढं बोलून त्यांनी माचिस उचलली. "चहात साखर कमीच ना?"

"चहा नंतर," मी म्हणाले. "आधी पाणी."

त्यांचा काडीचा हात तसाच थांबला. मग त्यांनी माचिस खाली ठेवली, फळीवरून पेला काढला, पदराने पुसला, ताटली शोधली. पाहुण्याला देतात तसा पेला ताटलीत ठेवला. सगळं सावकाश. माठावरचं झाकण उचललं आणि त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी गंभीर.

"नळाला आत्ताच पाणी आलंय," त्या म्हणाल्या. "ताजं भरून देऊ?"

"नको," मी म्हणाले. "कालचंच द्या."